साडूंचं ऑपरेशन

७ फेब्रुवारी

प्रिय बारके,

पत्र पाहून दचकू नकोस, सगळे जिवंत आहेत. फोनवर बोलण्यासारखं नाही म्हणून लिहितेय. आमच्या घराच्या भिंती तुला माहीत आहेत. इकडे शिंकलं की पलीकडून सासूबाई विचारतात, 'बरं आहे ना?' त्यात हा विषय.

परवा डॉक्टरीणबाईंकडे जाऊन आले. धाकटीच्या वेळी काय झालं ते तू पाहिलंसच, बाहेरच्या बाकावर तूच बसली होतीस. त्यांनी पुन्हा तेच सांगितलं. दोन्ही वेळचे टाके एकाच जागी, आतली भिंत पातळ झालीय. तिसऱ्यांदा दिवस राहिले तर कोण वाचेल आणि कोण नाही, ते त्या सांगू शकत नाहीत. 'तेव्हा आता काहीतरी पक्कं करा,' म्हणाल्या. जसं काही मी इतकी वर्षं कच्चं करत होते.

तांबी करून झाली. बसवली की वर्षानुवर्षं विसरून जायचं, असं सगळ्या सांगतात आणि पुष्कळजणींचं तसं होतंही. मला काही विसरता आलं नाही, दर महिन्याला तिनेच आठवण करून दिली. दुकानात पोरांच्या गणवेशाची मापं घेताना खाली बसले की उठायची भीती वाटायची, इतकं अंगावरून जायचं. चेहरा खडूसारखा झाला तेव्हा काढून टाकली. मग गोळ्या. पाळी वेळेवर यायला लागली, जाणंही कमी झालं, वाटलं सुटले. तर डोकं धरलं. आधी डोळ्यांपुढे चमकत्या वेड्यावाकड्या रेषा, सुईत दोरा जाईना, आणि मग घण. बाई म्हणाल्या, अशी डोकेदुखी असणारीला ही गोळी धोक्याची, आजच्या आज बंद. मग इंजेक्शन. तीन महिन्यांनी एकदा टोचलं की काम झालं, रोजची आठवण नको. पण थोडं थोडं लागतच राहिलं, आणि अंग असं सुटलं की मला माझीच मापं पुन्हा घ्यावी लागली.

राहता राहिला निरोध. तो काही वाईट नाही. त्याने दुखणं नाही, खुपणं नाही, आणि रोगराईपासून वाचवणारा तोच एक. पण तो कपाटातून वेळेवर बाहेर काढावा लागतो, आणि ते लक्षात ठेवायचं काम कुणाचं, तूच सांग. एकदा फाटलासुद्धा. पाळी येईपर्यंत मी घरात भूत होऊन वावरले.

माझं ऑपरेशन करायचं तर पुन्हा पोटात शिरणं आलं, आणि आत सगळं एकमेकांना चिकटून बसलंय. पुरुषाचं सोपं, बाई म्हणाल्या. बारीकशी चीर, त्याच दिवशी घरी. मी यांना सांगितलं. दिवसभर लोकांच्या गळ्यावर वस्तरा फिरवणारा माणूस मला म्हणतो, 'कापायचं नाव काढू नकोस.' आणि वर, 'कोण पुरुष जातो गं आपणहून? ओळखीतलं एक नाव सांग.'

माझ्याकडे नाव नव्हतं.

तुमचं कसं चाललंय? तुम्ही दोघं काय करता? मोकळेपणाने लिही. मीच तुला पहिल्या पाळीचं सगळं सांगितलं होतं, आता माझी वेळ आहे विचारायची.

तुझी ताई

•

१९ फेब्रुवारी

प्रिय ताई,

तुझं पत्र आलं तेव्हा मी दवाखान्यात. याचं ऑपरेशन झालं. आईने सांगितलं असेलच. आपणहून गेला बघ. मी भट्टीवर होते, घरी आले तर हा तारीख घेऊन बसलेला. मला विचारायचीही गरज वाटली नाही त्याला. आता सैल पायजमा घालून पाय फाकवून चालतो, बदकासारखा. लेक मागून नक्कल करते. वजन उचलायचं नाही म्हणून कामावर रजा. दुसऱ्यांची कपाटं, पलंग, पियानो जिन्यांवरून नेणारा माणूस, आता पाण्याची बादलीही मीच उचलायची.

माझं विचारशील तर मला गोळीच मानवली. डोकं नाही, मळमळ नाही, उलट पूर्वी पोटात कळा यायच्या त्या थांबल्या. एकच जाच, रोज न चुकता घ्यायची. पाव भट्टीत गेले की मी गोळी घेते, म्हणजे चुकत नाही. आता डॉक्टरांनी याला काही दिवस लांबच राहायला सांगितलंय, तेवढी गोळ्यांनाही सुट्टी.

तुझं वाचून जीव खालीवर झाला. भावोजींना नीट सांग ना. तुझ्यासारखं बोलायला येणारं आपल्याकडे कुणी नाही.

तुझी बारकी

•

२७ फेब्रुवारी

बारके,

पत्र वाचलं. मग पुन्हा वाचलं. मग दुकानात नेऊन इस्त्रीच्या टेबलाखाली ठेवलं आणि दिवसभर मनातल्या मनात वाचत राहिले.

आई फोनवर एवढंच म्हणाली होती, 'जावयांचं छोटंसं ऑपरेशन झालं, खालचं आहे, फार विचारू नकोस.' मला वाटलं मूळव्याध. आता कळलं आई का लाजत होती.

आपणहून. एवढ्या एकाच शब्दावर बोट ठेवून बसलेय. तुला गोळी मानवते, तुझं डोकं दुखत नाही, तुझं एकच बाळंतपण आणि तेही मांजरीसारखं सुटसुटीत. म्हणजे ज्या घरात घाई नव्हती त्या घरातला पुरुष तारीख घेऊन येतो, आणि ज्या घरात बायको मरायला टेकलीय तिथे नाव विचारतात. लहानपणी खिडकीकडची गादी तुला, कारण तू लहान. नवे बूट तुला, कारण माझे तुला मोठे व्हायचे. मी कधी हूं का चूं केलं नाही. पण हे माझ्याने बघवत नाही गं. तू नशीबवान आहेस हे मी आजवर कुणाला म्हटलेलं नाही. आज तुलाच लिहितेय.

यांना सांगितलं. म्हटलं, 'घ्या नाव. तुमचे साडू.' हे जेवता जेवता थांबले. 'तो? तो ओझी वाहणारा?' हात धुताना म्हणाले, 'थापा असतील.'

तेव्हा आता सविस्तर लिही. दुखलं का, काय म्हणाला, तू त्याला कशी वळवलीस, की खरंच काहीच न बोलता गेला. पत्र मी टेबलावर उघडं विसरणार आहे.

ताई

•

८ मार्च

प्रिय ताई,

तू मला नशीबवान म्हणालीस. मी ते वाक्य भट्टीसमोर उभी राहून वाचलं, पावांची पहिली खेप थोडी करपली.

विचारलंस म्हणून लिहिते. मी काही वळवलं नाही. एक दिवस हा म्हणाला, 'तू लेकीच्या वेळी नऊ महिने ओकलीस, मग इतकी वर्षं गोळ्या गिळल्यास. मी एक दिवस आडवा पडलो तर माझं काय झिजतं?' बस, एवढंच. मी म्हटलं, लोक काय म्हणतील. तर म्हणतो, 'लोकांची कपाटं मी उचलतो, लोकांची तोंडं कशाला उचलू?'

दुखलं थोडं. सुई टोचतानाच काय ते. मग ओढल्यासारखं वाटतं, बर्फाच्या पिशवीने उतरतं. आमच्याकडे एक नर्स रोज पाव न्यायला येते, तिच्याकडून सगळं काढून घेतलं. म्हणाली, पुरुषपण कुठे जात नाही, ताकद जात नाही, आवाज बायकी होत नाही, आणि सगळं आधीसारखंच असतं. फक्त पुन्हा मूल हवं म्हणाल तर जोडून मिळेलच असं नाही, म्हणून मन पक्कं असेल त्यानेच करावं. आणि हे काही निरोधासारखं रोगापासून वाचवत नाही. बाकी बायकांच्या ऑपरेशनपेक्षा धोका पुष्कळ कमी. हे शेवटचं वाक्य जाड अक्षरात लिहिते, भावोजींना चष्मा नसला तरी दिसेल.

याला मी सांगितलं नाही की तुला सगळं लिहिलंय. लाजेल बिचारा. तेव्हा भावोजींनाही सांग, फोनवर काही बोलू नका.

तुझी बारकी

•

३० मार्च

प्रिय बारके,

तुझं पत्र मी फडताळाजवळ विसरले, आरशापाशी विसरले, शेवटी यांच्या डब्याच्या पिशवीत विसरले. संध्याकाळी ते परत आलं, घडी वेगळी होती आणि एका कोपऱ्याला दाढीचा फेस.

यांच्या दुकानातल्या पोराने मला सांगितलं की शेठ आता गिऱ्हाइकांना विचारतात, 'तुमच्या ओळखीत कुणी केलंय का हो?' गाल फेसाने भरलेला, गळ्याशी वस्तरा, गिऱ्हाईक काय उत्तर देणार. मग एक दिवस मला म्हणाले, 'साडूला भूल दिली होती की तसंच?' मी म्हटलं, तेवढ्या जागेपुरती. म्हणाले, 'मला तेवढीही लागणार नाही.'

तारीख घेतलीय, एप्रिलच्या शेवटची. मी खूश व्हायला हवं ना? झालेही. मग भांडी घासताना रडू आलं. कारण तुझा तुझ्यासाठी गेला. माझा चाललाय तो तुझ्या नवऱ्यावर कडी करायला. मी मेले असते तरी त्यांना एवढी घाई झाली नसती, साडूच्या नावाने झाली. 'माझं काय झिजतं' हे वाक्य मला पाठ झालंय. शिवणयंत्राच्या लयीत येतं. मेलीला काय काय मिळतं, असं मनात येतं, आणि ती मेली म्हणजे तू, माझीच.

मनावर घेऊ नकोस. घेतलंस तरी चालेल.

ताई

•

१६ मे

बारके,

तुझं उत्तर नाही. आणि काल आईचा फोन आला. तिने आनंदाने सांगितलं आणि फोनचा आवाज मोठा होता, त्यामुळे मी, हे आणि सासूबाई, सगळ्यांनी एकदमच ऐकलं. तुला दिवस गेलेत.

हे हसले. मग काय म्हणाले ते मी लिहिणार नाही. जे म्हणाले ते तुझ्याबद्दल होतं, आणि मी त्यांच्या पुढ्यातलं ताट उचलून नेलं. आधी एकदा तारीख पुढे ढकललीच होती, 'लग्नसराईत दुकान बंद कसं ठेवू' म्हणून. आता साफ रद्द केली. 'बघितलंस? करून घेऊन काय उपयोग झाला? एक तर ऑपरेशन खोटं, नाहीतर...' ते 'नाहीतर' आमच्या घरात काल रात्रीपासून फिरतंय.

मी भांडले तुझ्यासाठी. म्हटलं, ऑपरेशननंतर लगेच मोकळं नसतं. आधीचं नळ्यांमध्ये उरलेलं असतं. सुमारे तीन महिने दुसरं काहीतरी वापरायचं आणि मग तपासणी करून घ्यायची, आणि तपासणीत साफ आलं की मगच निर्धास्त. मला डॉक्टरीणबाईंनी हे पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. तुम्हाला कुणी सांगितलं नाही? तू गोळ्यांना सुट्टी दिल्याचं लिहिलं होतंस, तेव्हाच मी ओरडायला हवं होतं. तुझ्या सुखाकडे बघत बसले आणि राहून गेलं.

असंच झालं असेल ना? दुसरं काही असेल तर तेही मला लिही. मी कुणाला सांगणार नाही. मी तुझी ताई आहे.

आणि एक लिहून टाकते, नाहीतर कुजेल. मला तिसरं नको. मी तिसऱ्याने मरेन. तरी आई 'दिवस गेलेत' म्हणाली तेव्हा माझ्या पोटात, त्या टाक्यांच्या खाली, काहीतरी हेव्याने हललं. तेही तुलाच.

ताई

•

२४ मे

ताई,

हर्निया.

याचं हर्नियाचं ऑपरेशन झालं. पियानो जिन्यावरून नेताना जांघेत गाठ आली होती, ती वर्षभर लपवत होता, शेवटी आपणहून गेला. मला वाटलं आईने सांगितलं असेल. आईने 'खालचं' म्हणून सोडून दिलं आणि मी नुसतं 'ऑपरेशन' लिहिलं. तू तुझ्या मनातलं ऑपरेशन वाचलंस.

पहिल्या पत्रात माझी चूक नव्हती. दुसऱ्यात होती. तू काय समजलीस ते मला लगेच कळलं, आणि मी पोस्टकार्डावर एक शब्द लिहून मोकळी झाले असते. पण तू मला नशीबवान म्हणाली होतीस. ताई, तुला आठवतात ते माझे बूट. मला आठवतं की शाळेत सगळे मला 'तिची बहीण' म्हणायचे. तुझं अक्षर, तुझे मार्क, तुझं शिवण, तुझी दोन लेकरं. खिडकीकडच्या गादीवर पडून मी तुझ्याकडेच बघायचे. तुला माझा हेवा वाटावा असं माझ्याकडे आजवर काहीच नव्हतं. आयतं आलं, मी हातचं जाऊ दिलं नाही. वर मनाला सांगितलं, याने भावोजी तयार होतील, म्हणजे हे ताईच्याच भल्याचं आहे.

नर्सने सांगितलेलं सगळं खरं होतं. नवराच तेवढा खोटा. 'माझं काय झिजतं' हे मी पीठ मळता मळता रचलं. आणि पुढचं ऐक, म्हणजे तुला माझी शिक्षा कळेल. पत्र टाकून घरी आले तर हा लोळत पडलेला, म्हणाला, 'पाणी दे.' मी त्याच्याकडे बघतच राहिले. मला त्या पत्रातल्या बाईचा हेवा वाटायला लागला. तिचा नवरा किती चांगला होता.

मूल याचंच आहे, भावोजींना सांग. हा बरा झाल्यावर मी गोळ्या पुन्हा सुरू केल्या, पण पोट बिघडलं, दोन दिवस पोटात काही टिकलं नाही, गोळीसुद्धा नाही. अशा वेळी पाकिटातल्या गोळ्या चालू ठेवायच्या आणि सोबत दुसरं काहीतरी वापरायचं, हे मला नर्सने नंतर सांगितलं, पाव घेता घेता. मला मूल हवंय. पण दोन महिन्यांपूर्वी कुणी विचारलं असतं तर मी नको म्हणाले असते.

तुझं पत्र याला दाखवलं. आधी हसला, जुने टाके दुखतील इतका. मग म्हणाला, 'तू मला कधी विचारलंच नाहीस.' मी म्हटलं, विचारलं असतं तर? म्हणाला, 'नाहीच म्हणालो असतो बहुतेक.' निदान खरं बोलला. आमच्या घरात त्या दिवशी तेवढं एकच माणूस खरं बोलत होतं.

आता भावोजींना खरं सांगितलंस तर ते म्हणतील, साडूने केलंच नव्हतं. नाही सांगितलंस तर म्हणतील, करून उपयोग नाही. दोन्हीकडून मी तुझं नुकसान करून ठेवलंय. काय करू ते सांग. मी येऊन त्यांच्या पाया पडायलाही तयार आहे.

बारकी

•

२० जून

प्रिय बारके,

तुझं पत्र पोस्टमनने दारात हातात दिलं तेव्हा आम्ही बाहेरच पडत होतो. पर्समध्ये टाकलं आणि वाचलं ते दवाखान्याच्या बाकावर. हे आत होते.

मधे काय झालं ते सांगते. महिनाअखेरीला माझी पाळी चुकली. मी कुणाला काही बोलले नाही, पण दुकानात तीन सदऱ्यांना डाव्या बाह्या दोन दोन लावल्या. यांना कुठून कळलं कुणास ठाऊक. मला घेऊन डॉक्टरीणबाईंकडे आले. तपासणीचा निकाल येईपर्यंत माझी पर्स मांडीवर धरून बसले होते, दोन्ही हातांनी, जसं काही कुणी हिसकावणार आहे. नव्हते दिवस. बाई म्हणाल्या, 'या वेळी नाहीत.' हे उठले, बाहेर खिडकीपाशी गेले आणि परत आले ते तारखेचा कागद घेऊन. रस्त्यात म्हणाले, 'साडूने घाई केली. तीन महिने थांबायला नको? तपासणी करायला नको? मी सगळं नियमाने करणार. कामात हयगय मला खपत नाही.'

कशासाठी गेले ते मी विचारलं नाही. ती पर्स धरलेले हात मी पाहिले होते.

तर बाकावर तुझं पत्र वाचलं. हर्निया. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. चार महिने मी एका नसलेल्या माणसाचा हेवा करत रडले, शिवणयंत्राच्या तालावर. समोर दार होतं, आत अजून सुरुवात झाली नसेल, उठून सांगता आलं असतं की अहो, साडूंनी केलेलं नाही, तुम्ही कुणावर कडी करताय. तेवढा प्रामाणिकपणा माझ्यात असायला हवा होता. मी पत्राची घडी घातली आणि तुझ्याच शब्दात सांगायचं तर हातचं जाऊ दिलं नाही.

बाहेर आले ते बदकासारखेच. मोठ्या ऐटीत. रिक्षात पहिला प्रश्न, 'साडूला किती दिवस दुखलं होतं?'

मी म्हटलं, 'चार दिवस.'

'माझं दोन दिवसांत थांबेल.' थांबलं नाही, पण कबूल करत नाहीत. बर्फाची पिशवी सासूबाईंपासून लपवतात. त्यांना सांगितलंय, पाठ धरलीय. सासूबाई पाठीला तेल लावून देतात, हे गुपचूप लावून घेतात. तपासणी होईपर्यंत निरोध आहे, आणि कपाटातून कोण काढतं ते लिहायला मला लाज वाटते. मी नाही, एवढं समज.

त्या 'नाहीतर'चं त्यांना खडसावून विचारलं. म्हणाले, 'चुकलो. बारकीला सांगू नकोस.' सांगितलं.

खरं मी त्यांना सांगणार आहे, पण तपासणी साफ आल्यावर. तेव्हा त्यांना कळेल की ते दुसरे नव्हते, घरातले पहिलेच होते. मग त्या ऐटीपुढे त्यांच्याशी एक महिनाभर बोलायची सोय राहणार नाही.

आता तुझं. तुझ्यावर मी रागावलेय आणि रागावणार आहे. तू आलीस की समोरासमोर भांडू, पत्रात पुरणार नाही. पण पोटातल्याला सांभाळ. माझी पोपटी शाल पाठवतेय, तुला लहानपणापासून हवी होती, मला माहीत होतं आणि म्हणूनच दिली नव्हती.

आणि हो, सोबत तुझं ते मार्चचं पत्र परत पाठवतेय, जाड अक्षरातलं. माझं त्याच्याशी काम झालं. बाळंतपण आटोपलं की तुझ्या नवऱ्याच्या उशाशी विसर. त्याला वाचू दे तो किती चांगला आहे ते. एक नाव विचारलंच त्याने, तर आता तुझ्याकडे आहे.

मला या वेळी कुणाचा हेवा वाटत नाही. तुला माझा वाटत असेल, तर वाटू दे थोडे दिवस.

तुझी ताई